धवलेरीची जीभ

दातांवर काहीतरी गमतीचं लिहा, असं सांगणारे दिवाळी अंकाचे संपादक मला बरेच भेटले आणि मी कुणाला नाही म्हटलं नाही. जेवणावळीत जिलबीबरोबर कवळीही पानात ठेवून उठलेले व्याही, दुखऱ्या दाढेला बाटलीतली दारू पाजणारे आणि उरलेली स्वतः पिणारे पेन्शनर, हे सगळे माझ्याकडून लिहून झाले आहेत. लोक हसले. मीही हसलो. यंदाही फोन आला, हो म्हटलं आणि लिहायला बसलो, तर गंमत सुचेना.

एक गोष्ट बाजूला ठेवून मी बाकीच्या सगळ्या सांगत आलो. बायकोलाही ती सांगितली नव्हती. त्या दिवशी माझ्या शेजारी उभा असलेला माझा वर्गमित्र दिनकर अलीकडेच गेला. त्याच्या दहाव्याहून परत येताना लक्षात आलं, की खरं काय झालं ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो. मी गेलो की मासवणजवळच्या एका पाड्यावर जी खोटी हकीकत खरी म्हणून चालते आहे, ती कायमची खरी होऊन बसेल. म्हणून लिहितो. आमच्या धंद्याची आधी थोडी माहिती द्यावी लागेल, नाहीतर माझा गुन्हा नीट कळणार नाही.

लोकांना वाटतं, दात उपटतात. दात उपटत नाहीत. दात हाडाच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो. चिमट्यानं तो धरून आत दाबायचा आणि हळूहळू डावी-उजवीकडे झुकवायचा. खोबणी पसरते आणि दात आपणहून वर येतो. ज्याला ओढावं लागतं त्याला दात काढता येत नाही. हे हाताला कळेपर्यंत फार दात काढावे लागतात. मला ते लवकर कळलं. या हातांची मला तेव्हा घमेंड होती, आजही थोडी आहे. ती लपवून काही उपयोग नाही, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं.

साठच्या दशकात मी मुंबईत दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षात होतो. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकानं ठरावीक संख्येनं दात काढलेले असावे लागत. आम्ही त्याला कोटा म्हणायचो. साधे दात मिळायचे. अडचण होती ती अडकलेल्या अक्कलदाढेची. ही दाढ उशिरा येते, तिला जागा नसते, मग ती आडवी होऊन हाडातच रुतून बसते. तिच्यासाठी हिरडी उघडून छिन्नी-हातोडीनं हाड फोडावं लागे. अशी एक तरी दाढ स्वतःच्या हातानं काढलेली असली पाहिजे, असा आमच्या सरांचा नियम होता. पण कॉलेजात असा पेशंट आला की पदव्युत्तर वर्गातली मुलं त्याला घेरून टाकत. आम्ही मागून टाचा उंचावून बघायचो. परीक्षा जवळ आली तरी माझी दाढ झालेली नव्हती. वर्गात हाताला सगळ्यात हुशार म्हणवणारा मी, आणि माझीच राहिलेली.

सर आम्हाला महिन्यातून एकदा पालघरला शिबिराला न्यायचे. पहाटेची पॅसेंजर पकडायची, वैतरणेची खाडी ओलांडली की हवा बदलायची, आणि पालघर स्टेशनाबाहेर गवताच्या गाठींचा वास नाकात भरायचा. एका धर्मशाळेच्या पडवीत लाकडी खुर्च्या मांडायच्या, स्टोव्हवर अवजारं उकळायची आणि सुरू करायचं. किनाऱ्यावरून कोळी यायचे, आतल्या डोंगरातून वारली यायचे. कधी कधी सर दोघा-तिघांना घेऊन बोईसरला जायचे. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात होतं, पत्र्याच्या झोपड्यांत देशभरचे कामगार राहत होते आणि त्यांच्या दातांकडे बघायला कुणी नव्हतं. तिथला एक धिप्पाड वेल्डर मला अजून आठवतो. इंजेक्शनची सुई बघून तो म्हणाला, "डाक्टर साब, सामने से मत निकालो, पीछे से निकालो. मुझे दिखना नहीं चाहिए." आणि एडवणचा एक म्हातारा कोळी. त्याला इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला, तसा तो खुर्चीतून उठला. "आता दुकत नाय. दुकत नाय तं काडायची कशाला?" असं म्हणून टोपी घालून चालता झाला. संध्याकाळी दुखायला लागल्यावरही परत आला नाही. अभिमान असावा तर असा.

शिबिरात सरांचा एक कडक दंडक होता. हाडाला हात लावायचा नाही. हलणारे, किडलेले दात काढा, छिन्नीचं काम निघालं तर मुंबईला पाठवा.

लखमीबाय पहिल्यांदा आली ती थंडीच्या अखेरीस. चाळिशीच्या आतबाहेरची वारली बाई, अंगानं सडपातळ, गाल सुजून टम्म. तोंडात बोटही जाईना. सोबत तिचा नवरा सोमा. सरांनी तपासलं. खालची उजवी अक्कलदाढ, आडवी, तिच्यावर आलेल्या हिरडीत पू. त्यांनी पेनिसिलिन दिलं, कोमट पाण्यानं तोंड धुवायला सांगितलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये. सूज गेलेली असेल. मग मुंबईला घेऊन जाऊ."

तिनं मान हलवली. दातावर दात धरूनच बोलली, "मंबईला नाय जमं. लगनं आली."

"कुणाचं लग्न? तुझ्या मुलीचं?"

सोमा हसला. "सगल्यांची, सायब. ती धवलेरी हाय."

धवलेरी म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. सोमानंच सांगितलं. वारल्यांची लग्नं भटजी लावत नाहीत. धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, त्यासमोर बसून ती देवांची गाणी गाते, एकेका देवाला नावानं बोलावते. तिनं बोलावलं की देव येतात, देव आले की लग्न लागतं. ती गाणी कुठं लिहिलेली नसतात. लखमीबाय ती तिच्या मावशीकडून शिकली होती, आणि आसपासच्या पाड्यांवरची लग्नं तीच लावायची. "तोंड उघडत नाय तं गावं कसां?" सोमा म्हणाला. "पोरी बसल्यात घरात हळद लावायच्या."

तर ती आमच्याकडे आली होती ती गाता यावं म्हणून. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा सूज ओसरली होती आणि तोंड चांगलं उघडत होतं. त्या दिवशी सर सकाळीच बोईसरला गेले होते. पालघरला मी, दिनकर आणि आणखी दोघं होतो. नियमानं मी तिला एवढंच सांगायला हवं होतं, की बाई, आज तोंड उघडतंय, तर लग्नं उरकून घे आणि मग मुंबईला ये. तिची लग्नं निभावली असती. पुन्हा सूज आली असती तर पुन्हा पेनिसिलिन दिलं असतं.

मी तिला म्हणालो, "आज इथंच काढून टाकू. पुन्हा कटकट नको."

दिनकरनं मला पडवीच्या कडेला ओढलं. "सर जीव घेतील."

"निघाल्यावर काही म्हणणार नाहीत. ती मुंबईला येणार नाही, तूच ऐकलंस. तिच्या भल्याचंच आहे."

"तिच्या की तुझ्या?"

"तू हातोडी धरणार आहेस की नाही तेवढं सांग."

त्यानं धरली. मित्र होता.

आता यातला धोका सांगतो. खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, हाडाची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ असते. त्या भिंतीला लागून, हिरडीच्या खालीच, एक नस जाते. ओल्या जाड दोऱ्याएवढी. जिभेच्या त्या अर्ध्या भागाची सगळी जाणीव त्या दोऱ्यात असते, चवसुद्धा. म्हणून छिन्नी चालवण्याआधी हाड आणि हिरडी यांच्यामध्ये एक चपटी पोलादी पट्टी सरकवून ठेवतात. छिन्नी सटकली तर पट्टीवर आपटावी, नसेवर नाही. पट्टी नसेल तर छिन्नी उचलायची नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

छिन्नी-हातोडी अडीनडीला पेटीत असायची, पण पट्टी आमच्याकडे एकच होती आणि ती सरांच्या बॅगेतून बोईसरला गेली होती.

मी धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातून एक चमचा आणला, त्याचा दांडा वाकवला, उकळून घेतला. आपल्या हुशारीचं मला कौतुकही वाटलं. दिनकरनं एकदा चमच्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मग हातोडी उचलली.

इंजेक्शन लागू होईपर्यंत लखमीबाय खुर्चीत आरामात बसली होती. घाबरलो होतो ते आम्ही. दिनकर वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाला, "बाय, तोंड उघडतंय तर एखादं गाणं म्हणून दाखव की."

ती हसली. "देवाची गाणी अशी खुर्चीत बसून नाय गात, पोरा. देव धावत आला तं त्याला बसवशील कुठं? तुज्या खुर्चीत?" पडवीतले सगळे हसले. "लगनाला ये मासवणला. तवा आयक."

तिचं गाणं मी कधीच ऐकलं नाही.

सोमा मागे उभा राहिला, त्यानं दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं धरलं. हिरडी उघडली. उजव्या हातात छिन्नी, डाव्या हातात चमचा, दिनकर हातोडीचे ठोके देत होता. बाहेरचं हाड छान सुटलं. दाढ दिसली, पण हलेना. आतली भिंत थोडी फोडायला हवी होती. इथंही थांबता आलं असतं. टाके घालून, सरांची वाट बघून, शिव्या खाऊन. रक्तानं चमचा बुळबुळीत झाला होता. मी म्हणालो, "मार." दिनकरनं ठोका दिला, त्याच क्षणी चमचा फिरला आणि छिन्नी हाड सोडून आत गेली. मऊ भागात जाताना छिन्नी हाताला वेगळी लागते. तो स्पर्श मी कुणाला सांगू शकणार नाही. दात मी हजारो काढले, पण हाताच्या आठवणीत पहिली येते ती तीच जागा.

दाढ निघाली. टाके घातले. लखमीबायनं बधिर तोंडानंच दाढ मागून घेतली, पदरात बांधली आणि मला हात जोडले.

संध्याकाळी सर आले. मी दाढेचं सांगितलं, चमच्याचं नाही. त्यांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "पुन्हा असं केलंस तर तुला घरी पाठवीन." थोड्या वेळानं, अवजारं भरताना, "चल, तुझी दाढ झाली म्हणायची." परतीच्या गाडीत दिनकर खिडकीबाहेर बघत होता आणि मी माझं यश मोजत होतो.

पुढच्या शिबिराला ती आली. जखम सुंदर भरली होती. इतकी सुंदर, की मला क्षणभर बरं वाटलं. मग ती बोलली. शब्द जाड आणि ओले येत होते, जणू तोंडात घास आहे. जिभेची उजवी कड ठिकठिकाणी चावलेली होती.

"अर्धी जीभ माजी नाय वाटत," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाची आणून ठेवलीय तोंडात."

मी सुईच्या टोकानं जिभेला टोचून बघितलं. डावीकडे ती दचकली. उजवीकडे शांत बसून राहिली, मी कधी टोचतो याची वाट बघत. मी तोवर टोचून मोकळा झालो होतो.

"येईल," मी म्हणालो. "थोडा वेळ लागतो."

हे अगदीच खोटं नव्हतं. नस नुसती चेमटली असेल तर काही महिन्यांत जाणीव परत येते. तुटली असेल तर येत नाही. कोणतं झालंय ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या महिन्यात मी बोईसरच्या शिबिरावर होतो. उन्हाळा चढला होता, ट्रकांची धूळ पत्र्यांवर बसत होती. दुपारी सोमा आला. बरोबर दोन माणसं, एक पाड्यावरचा म्हातारा आणि एक त्यांचा भगत, देवाचं आणि औषधपाण्याचं बघणारा. सकाळी मासवणहून निघून पालघरला गेले होते, आम्ही तिथं नाही म्हणून बोईसरला आले. पेशंट असतील म्हणून मी खुर्ची पुढं केली, तर भगत खाली जमिनीवर बसला. मलाही त्यानं हातानं बस म्हटलं. मी स्टुलावर बसलो.

भगत सावकाश बोलला. रागावलेला नव्हता. झालं होतं ते असं. एका लग्नात लखमीबाय चौकासमोर गायला बसली. देवांची नावं घेताना जीभ अडखळली, एका देवाचं नाव वाकडं आलं. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा वाकडं आलं. तिसऱ्यांदा ती गप्प बसली. नवरीची आई रडायला लागली. पोरीचं लग्न लागलं की नाही, कुणाला कळेना.

"तं येक इचारायला आलो, डागतर," भगत म्हणाला. "आमच्यात दोन बोलनी चालू हायत. कोण म्हनतं डागतराच्या हातानं झाला. कोण म्हनतं देवी कोपली, तिनंच जीभ धरली. तुज्या हातानं झाला असंल तं तसा सांग. आमी काय भांडायला नाय आलो. हात हाय, चुकतो. माजाबी चुकतो. मंग ती आमची धवलेरीच. बरी होईल तवर मावशीची पोर तिच्या बाजूला बसून गाईल, ती नुसती पुढं बसंल. पन देवीनं केला असंल, तं तिला चौकापुढं बसवता यायची नाय. मंग कदीच नाय."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यानं. खटला नव्हता, तक्रार नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं आणि तिची जागा तिला राहत होती.

मी सरांकडे पाहिलं. ते दोन खुर्च्यांपलीकडे एका कामगाराचा दात बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान वर न करता इंग्रजीत म्हणाले, की पेशंट तुझा आहे, उत्तर तू दे. पुष्कळ वर्षं मी या वाक्याचा आधार घेतला, की सरांनी मला वाचवलं नाही. खरं म्हणजे त्यांनी मला वाट मोकळी करून दिली होती. परीक्षा दोन आठवड्यांवर होती. चमच्याचं बाहेर आलं असतं तर मला बसू दिलं नसतं, असं मला वाटत होतं. तसं खरंच झालं असतं का, हे मी कधी विचारलंही नाही.

"आमच्या हातून काही झालेलं नाही," मी म्हणालो. "दाढ नीट निघाली. भुलीचा अंमल त्याच दिवशी उतरला. जिभेचं कशानं झालं ते मी सांगू शकत नाही."

भगतानं मान डोलावली. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "शिकलेला मानूस हाय. तो कशाला खोटा बोलंल?"

ते उठले. सोमा मागे राहिला. त्याच्या मनात काय होतं ते माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाला, "डागतर, मी डोकं धरला होता तिचा. नीट धरला होता ना?"

"नीट धरलं होतंस," मी म्हणालो.

त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं.

मी परीक्षा पास झालो. तोंडाच्या शस्त्रक्रियेत बक्षीसही मिळालं. पुढं मुंबईतच शिकवायला लागलो आणि अक्कलदाढेसाठी लोक नाव घेऊन माझ्याकडे यायला लागले. वर्गात मी ती पट्टी हातात धरून मुलांना सांगायचो, "एका कॉलेजात एका मूर्ख मुलानं हिच्याऐवजी चमचा वापरला." मुलं हसायची. मीही ती गोष्ट बऱ्यापैकी रंगवायचो. गोष्टीतला मुलगा नेहमी दुसऱ्या कॉलेजातला असायचा आणि गोष्ट नस तुटण्यापाशी संपायची. भगत त्यात कधी आला नाही. माझ्या हाताखालच्या एकाही मुलानं पट्टीशिवाय छिन्नी उचलली नाही, याचा मी हिशेब मनात जमेला धरत आलो. पण ही जमा कुणाच्या खात्यावर पडते? लखमीबायच्या तर नाही.

दशक संपत आलं तेव्हा, तारापूरला वीज तयार व्हायला लागली होती त्या सुमाराला, शिबिर खुद्द मासवणला भरलं. आता मुलांना घेऊन जाणारा मी होतो. सूर्या नदीच्या अलीकडे, झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. नाही म्हणता आलं असतं. मी गेलो ते सांगून टाकायचं ठरवूनच. गाडीत वाक्यं जुळवत होतो.

दुपारी रांगेत ती दिसली. केस पांढरे झाले होते. तिनंच मला ओळखलं. "माजी दाढ काढनारा डागतर!" आवाज तसाच जाड. शेजारच्या बाईला सांगायला लागली, "ह्याच्या हाताला गुन हाय. काढल्यापासून येक दिस नाय दुकला."

डावीकडची दाढ किडली होती, ती दाखवायला आली होती. ती माझ्याच हातानं काढून घ्यायची होती तिला. मुलं बाजूला उभी होती. मी इंजेक्शन दिलं आणि ते लागायची वाट बघत आम्ही दोघं बसलो. सोमा कुठं आहे विचारलं. गवत कापायच्या कामाला वसईकडे गेला होता. ती पण जायची. लग्नाच्या दिवसांत तर मुद्दाम जायची, म्हणाली, गावात थांबायला नको म्हणून. मावशीची पोर आता धवलेरी होती. चांगली गाते, म्हणाली. दोन देवांची नावं मागंपुढं करते, पण चांगली गाते.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याकडे वाकली.

"तुमी शिकलेले. म्हनून इचारते. देवी कशापायी कोपली असंल माज्यावर?"

मी सुई बशीत ठेवली.

"मी लय इचार केला," ती म्हणाली. "येका लगनात मना ताप होता, मी येक गाना तोडून गायले. ते असंल का? मावशी मेली तवा मी कामावर होते, तिच्या तोंडात पानी नाय घातला. ते असंल? कोंबडा कबूल केला होता, तो आजारी पडला म्हनून कापला नाय, दुसरा दिला. सोमा म्हनतो, इतक्यावर देवी नाय रुसत. मंग कशावर? मना सापडत नाय. सापडला असता तं भरपाई केली असती."

इतकी वर्षं ती स्वतःच्या आयुष्यात चूक शोधत होती. एकेक दिवस उलटापालटा करून बघत होती. आणि चूक तिच्यासमोर स्टुलावर पांढरा कोट घालून बसली होती.

माझ्या मागे मुलं उभी होती. ती मला मान देत होती. हे कारण आज लिहिताना लाज वाटते, पण कारण तेच होतं. मी म्हणालो, "देवाधर्मातलं मला कळत नाही, बाय. तोंड उघड." दाढ काढली. चांगली काढली. तिनं हात जोडले आणि उन्हात चालत गेली.

निवृत्तीनंतर खूप वर्षांनी एकदा पुन्हा गेलो. लखमीबाय गेली होती, सोमा तिच्याही आधी. मावशीची पोर भेटली, आता तीच म्हातारी. मला बसायला दिलं, चहा दिला. लखमीबायचं नाव काढलं तेव्हा म्हणाली, "गात होती झकास. पन देवीचा कोप झाला, काय करनार." तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मग वाटलं, हिला सांगितलं तर ही आयुष्यभर ज्या जागेवर बसली ती जागा एका खोट्यावर उभी होती, एवढंच हिच्या पदरात पडेल. हा विचार खरा होता की आणखी एक सबब, मला ठरवता आलेलं नाही. चहा पिऊन मी परत आलो.

गाडीत जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. तिथं कुणाला वाचता येत असेल आणि हा अंक तिथवर पोचला, तर पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावा. लखमीबाय, देवी तुझ्यावर कोपली नव्हती. तुझं गाणं तोडल्याचं तिनं मनात धरलं नव्हतं, मावशीच्या पाण्याचंही नाही, कोंबड्याचंही नाही. तुझ्यात शोधण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या हातातला चमचा फिरला आणि छिन्नी तुझ्या जिभेच्या नसेत गेली. तुझ्या माणसांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तू त्यांची धवलेरीच होतीस. मला क्षमा कर.